बेलांदींचं स्वतःचं

"काळी चार," मनोरमाबाईंनी सांगितलं. पियानोपाशी बसलेल्या बेलांदींनी सुलेखाकडे पाहिलं. तिने चौथ्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ला बेमोल," बेलांदींनी त्या सुराचं इटालियन नाव सांगितलं.

"ला नाही, सा," मनोरमाबाईंनी दुरुस्ती केली.

कोलोनच्या मराठी मंडळाची २००६ची दिवाळी. पेटीवाला नागेश तापाने आडवा झाला होता, म्हणून सुलेखाने आपल्या गायनशाळेतल्या साथीदाराला गळ घातली होती. गाणार होत्या पुण्याहून आलेल्या तिच्या सासूबाई, मनोरमाबाई.

एत्तोरे बेलांदी तरुणपणी फेरारा सोडून जर्मनीत आले ते संगीतकार व्हायला. तोवर चार महिने साथ करू म्हणून गायनशाळेत शिरले आणि तिथेच केस पिकले. त्यांचा ऑपेरा कपाटात राहिला. एखादी मुलगी गाताना पान गाळून पुढे गेली, की तेही तिच्यामागे उडी मारत. विचारलं तर म्हणत, मी चुकत नाही, गायकाच्या चुकीत सामील होतो.

त्या संध्याकाळी ते तीनदा सामील झाले. मनोरमाबाई अंतरा विसरून पुन्हा पुन्हा ध्रुपदावर येत होत्या. बेलांदी दर वेळी असे वाजवत, की चाल अशीच असावी असं वाटे. टाळ्या झाल्या. मनोरमाबाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या आणि सुलेखाला म्हणाल्या, "अगं, आता त्यांना म्हणावं, स्वतःचं काहीतरी होऊ दे."

सुलेखाने जर्मनमध्ये सांगितलं. बेलांदींनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. गेल्या कित्येक वर्षांत असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

त्यांनी सुरुवात केली आणि तेवढ्यात बाहेर वडे आले. अध्यक्ष शिरीष उठले, त्यांच्यामागे दोन रांगा उठल्या.

"बसा," मनोरमाबाई मागे वळून म्हणाल्या. "वडे पळून जात नाहीत."

सगळे बसले. रचना लांबलचक होती. मुलं पेंगली. मनोरमाबाईंना शेवटपर्यंत सा सापडला नाही, पण त्या ताठ बसून ऐकत राहिल्या. रचना संपली, तेव्हा संपली हेच कोणाला कळलं नाही. मग मनोरमाबाईंनी एकट्यांनीच मोठ्याने "वा!" म्हटलं आणि सभागृहाने घाईने टाळ्या वाजवल्या.

बेलांदी उठले. सवयीने दोन पावलं मागे सरून, आधी गायकाने वाकावं म्हणून थांबले. शेजारी कोणीच नव्हतं. मग त्यांनी कोटाचं बटण लावलं, पुढे आले आणि एकटेच वाकले.