दोन्ही डावे

बुटांच्या कारखान्यातल्या इंजिनिअरला कॅमेऱ्याला एकच गोष्ट शिकवायची होती. पट्ट्यावरून बूट आडवा येवो, तिरपा येवो, टाच पुढे करून येवो, त्याचं चित्र फिरवून तो डावा की उजवा हे ओळखायचं आणि त्याचा जोडीदार शोधून द्यायचा. कॅमेरा शिकला, पण फार अडायचा. मालक बघायला यायच्या आदल्या दिवशी इंजिनिअरनं त्याला एक सवलत दिली: फिरवून जुळत नसेल, तर आरशातल्यासारखं उलटवून बघ. सगळे जोड जुळले, पडदा हिरवागार झाला. मालकांनी पाठ थोपटली. आरशात डावा बूट उजवा दिसतो, हे इंजिनिअरच्या त्याच संध्याकाळी लक्षात आलं होतं; पण पाठ अजून उबदार होती. नंतर बघू, म्हणाला.

मग तक्रारी आल्या. कुणाला दोन डावे, कुणाला दोन उजवे. मीटिंगमध्ये नजरा आपल्याकडे वळायच्या आत त्यानं पॅकिंगच्या बाईंचं नाव घेतलं. घाईत अदलाबदल होत असेल बिचारीकडून, असं इतक्या मायेनं म्हणाला की तो आरोप वाटलाच नाही. बाईंना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

रविवारी बागेत सासरे भेटले. पायात जावयानं दिलेले नवे बूट. चाल अशी, की एक पाय घरी निघालाय आणि दुसरा त्याची समजूत काढतोय. हे आमच्या जावयाच्या कॅमेऱ्यानं निवडलेत, असं मित्रांना कौतुकानं सांगत होते. इंजिनिअरनं खाली पाहिलं आणि त्यांना बाकाकडे नेलं.

"मामा, हे दोन्ही डावे आहेत."

"डबा उघडला तेव्हाच कळलं की," सासरे हळूच म्हणाले. "लेक म्हणाली, पॅकिंगच्या बाईंचा घोळ आहे. म्हटलं, तक्रार केली तर त्यांच्या पोटावर पाय यायचा. होतायत सैल हळूहळू."

इंजिनिअरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बायकोला ती गोष्ट त्यानंच सांगितली होती, तीही हसत.

"बाईंचा नाही, मामा. माझा. आणि मला माहीत होतं."

सासरे बाकावर बसले. नाड्या सोडायला वाकलेल्या जावयाचा हात त्यांनी बाजूला सारला आणि बूट स्वतःच काढले.

"मालक आज घरी असतील?"

"असतील."

"मग हे घेऊन आत्ताच जा, जावईबापू. उद्यापर्यंत तुम्हाला आणखी काहीतरी सुचेल."

ते मोज्यांवरच घरी निघाले. बूट कुठे गेले, मित्रांनी विचारलं. जावयाला हवे होते, म्हणाले.

मालकांनी दार उघडलं, बुटांकडे पाहिलं आणि त्यांना इंजिनिअरची कीव आली.

"तुमच्याही घरी त्या बाईनं हेच पाठवलं का?"

'नाही' म्हणायला त्याला बराच वेळ लागला. पण म्हणाला.