‘हं’चा कौल

अनुपमाबाईंनी अर्धी हयात महाडच्या शाळेत गणित शिकवलं, म्हणजे समोरच्याचं चुकलेलं दुरुस्त केलं. पन्नाशीला टेकल्यावर त्यांना उपरती झाली. शाळा सोडून त्या मानसशास्त्र शिकल्या आणि पोलादपूरला एसटी स्टँडसमोर खोली घेऊन त्यांनी समुपदेशनाची पाटी लावली. नवरा म्हणाला, "तू आणि दुसऱ्याचं ऐकून घेणार? आधी घरी सराव कर." बाई फणकारल्या खऱ्या, पण धास्तीही तीच होती. शिकताना त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं, सल्ला द्यायचा नाही. ऐकायचं, मान हलवायची, फार तर ‘हं’ म्हणायचं.

पहिल्या आल्या बायजामावशी, डोंगरावरच्या वाडीतल्या. नवरा वारलेला, दावणीला दोन म्हशी. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

"लेक सूरज म्हणतो, म्हशी इक आन मुंबईला ये. त्याचा जीव हाय माज्यावर, नाय कसं म्हणू? आता तुमीच सांगा बाई, जाऊ का?"

बाईंची जीभ शिवशिवली. ती महत्प्रयासाने आवरून, शिकवल्याबरहुकूम मान हलवत त्या म्हणाल्या, "हं..."

"बरं. उजवा दिलात," म्हणत मावशींनी जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि त्या चालत्या झाल्या.

किती छान जमलं, असं वाटून बाई क्षणभर स्वतःवर खूश झाल्या. मग ‘उजवा’ डोक्यात शिरला. देवळात गुरव देवाला फुलं लावतो, प्रश्न विचारतो. उजवीकडचं पडलं की देवाचा होकार. मावशी कौल लावायला आल्या होत्या! एका ‘हं’पायी म्हशी विकल्या जाणार, घराला कुलूप लागणार. बाई स्टँडकडे धावत सुटल्या आणि वाडीच्या गाडीत चढल्या.

"मावशी, तो कौल नव्हता! मी नुसती ऐकत होते."

"मंग मान कशाला हलवलीत?"

शेजारी टेकत बाईंनी विचारलं, "उजवा मिळाला असं वाटलं, तेव्हा तुम्हाला काय झालं?"

"वाटलं, डावा मिळाया हवा व्हता. गुरवाकडं गेले नाय, देवाचा शबुद मोडता येत नाय. तुमी शाळेत सगळ्यांना नायच म्हणायच्या, असं ऐकलं व्हतं. म्हणून तुमच्याकडं आले."

बाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. ‘मग नका ना जाऊ’ अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळणं शाळा सोडण्याहून कठीण गेलं.

"सूरजला काय सांगावंसं वाटतं तुम्हाला?"

मावशी एकदम अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "मला नाय जायाचं!"

"मग उतरा ना मावशी," कंडक्टर म्हणाला, "गाडी सुटतेय."

"उतरू कशाला रे? मला माज्या घरी जायाचं हाय!"