मऊ शॉकअप

केसरीनाथ मिस्त्रीने जीपचे दोन नवे शॉकअप बाकड्यावर आपटले. पुतळाबाईने आधी त्याच्याकडे आणि मग आपल्या मुलाकडे असं बघितलं, जसं काही दोघांनी मिळून तिची भांडी चोरली होती.

"हा कडक, हा नरम," केसरीनाथ म्हणाला. "दौलतशेटला कडकच पायजे."

"ह्याला शेट कोणी केला?" पुतळाबाई म्हणाली. "जीप माझ्या नावावर हाय. शेट बोलायचं तर मला बोल."

टेमघरहून शेलार गावातल्या त्या गॅरेजात ती मुद्दाम आली होती. दौलतवर सोडलं तर तो स्वतःच्या सोयीचं बसवील, हे तिला पक्कं ठाऊक. तिचा नवरा सोमा म्युनिसिपालटीतून रिटायर झाला आणि वर्षाच्या आत ओट्यावरून पडून कंबर मोडून बसला. अकलोलीच्या गरम कुंडात बुडून आला की चार दिवस ताठ चालायचा, चेष्टामस्करी करायचा. पण मागच्या खेपेला जीपने त्याला असा उचलून आपटला, की म्हातारा ओरडला. "आता त्या गाडीत मेल्यावरच घाला," म्हणाला, आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. नवऱ्याची ती पाठ पुतळाबाईला बघवत नव्हती. त्याला पुन्हा कुंडावर न्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"आई, चौदा शिटा घेतो मी," दौलत म्हणाला. "नरम टाकला तर गाडी बसंल खाली."

"चौदा परके बसतात. एक बाप बसवता येत न्हाय तुला."

तिने पदर खोचला, कडक शॉकअप जमिनीवर उभा धरला आणि दोन्ही हातांनी रेटला. तो हलेना. नरम मात्र हळूच खाली गेला, हळूच वर आला.

"हेच बसव. चारी."

"मावशी, गाडीतलं तुम्हाला काय कळतं?"

"तू कळतोस, तेवढं पुरं हाय."

केसरीनाथची एक रीत होती. काम झालं की नाक्यावर ताटकळलेली माणसं गाडीत कोंबायची आणि एक फेरी फुकट मारून आणायची. शिटांची गाडी रिकामी तपासून करायचं काय? पुतळाबाई पुढे बसली. मागे माणसं एकमेकांच्या मांडीवर. खड्डे आले तसे गेले, गाडी पाळण्यासारखी डुलली. परतताना तिने दौलतला घरापर्यंत टोमणे मारले; तो तोंड उघडायला गेला की पुढचा टोमणा तयार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मधल्या शिटेवर गादी अंथरली. "आज शिटा न्हाय घ्यायच्या. माझा नवरा एकटा जाईल, ऐसपैस." सोमाला कसाबसा मनवून बसवला आणि स्वतः पुढे बसली. शेजारच्या दारात तिची जाऊ मीराबाई उभी होती, दारभर रुंद. मधल्या भिंतीवरून भांडण झाल्यापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायच्या ते कोंबड्यांशी.

"बघा गं," मीराबाई कोंबड्यांना म्हणाली, "गादीसकट चाललेत."

जीप गल्लीच्या तोंडाशी गटाराच्या झाकणावर चढली आणि धाडकन आदळली. सोमा कळवळला. "उतरवा मला! आत्ताच्या आत्ता!"

"हे नरम?" पुतळाबाई कडाडली.

"शॉकअप काय करील?" दौलतही तडकला. "खाली स्प्रिंगला मी जादा पाटे टाकलेत, वजन पेलायला. काल माणसं होती म्हणून दबले. रिकामी गाडी आपटणारच."

"मग काल तोंड शिवलं होतं?"

"तू उघडू दिलंस?"

"काढ ते पाटे."

"केसरीनाथकडे नेऊन काढतो. आज आटपायचं न्हाय."

सोमा एक पाय खाली टाकत होता. तो एकदा खाटेवर पडला की पुन्हा उठणार नाही, हे तिला दिसलं. वजनाला कोणी मिळतं का म्हणून तिने गल्लीत नजर फिरवली. गडीमाणसं ड्युटीवर गेलेली. दौलत हळूच म्हणाला, "मागच्या चाकांवर काकी बसली ना, तर—"

"तू गप!"

पण पुतळाबाई खाली उतरली आणि मीराबाईच्या दारापर्यंत मागे चालत गेली. कोंबड्यांपुढे उभी राहून म्हणाली, "कोणाला कुंडावर आंघोळीला यायचं असंल तर गाडीत जागा हाय."

"मी भाऊजींसाठी येते," मीराबाई म्हणाली. "बाकी कोणाची मिजास मी झेलायची न्हाय." दोन्ही सुनांना घेऊन, तांदळाचं पोतंही पायाशी टाकून ती मागे बसली, तशी जीप बोटभर खाली दबली.

शेलार गेलं, कवाड गेलं. गाडी खड्डे गिळत चालली. सोमाने कमरेवरचा हात काढला. पडदा वर सारायला लावला, बाहेर बघत बसला आणि अंबाडी नाक्याजवळ चक्क विडी मागितली.

"मीरा," तो म्हणाला, "पुढच्या बुधवारी पण ये हां."

"बोलावलं तर येईन."

सगळ्यांनी पुतळाबाईकडे बघितलं. तिने ओठ चावले.

"येईल ती," ती म्हणाली. "आणि येताना जेवून यायला सांगा. वजन कमी भरता कामा न्हाय."