‘मले’ म्हणणारी माणिक

मी एक आरसा आहे. तळहाताएवढा, पितळी मुठीचा. अमरावतीला अंबादेवीच्या देवळापुढे फुलं विकणाऱ्या मनकर्णाबाईंनी मला आपल्या मुलीसाठी, माणिकसाठी घेतलं.

सोळाव्या वर्षी माणिक एका नाटक मंडळीत गेली आणि तिथून पुण्याच्या चित्रपट कंपनीत. मूकपटांत तिनं सात कामं केली. पडद्यावर कुणी बोलतच नसे, त्यामुळे ती कुठली हे कुणाला कळलं नाही.

मग बोलपट आले. दिग्दर्शक केशवरावांनी तिला आवाज टिपणाऱ्या यंत्रासमोर उभं करून एक वाक्य म्हणायला सांगितलं. ‘मला काही सांगायचं आहे.’ माणिक म्हणाली, “मले काई सांगाचं हाय.” सगळी खोली हसली.

“बाई, हे चालायचं नाही,” केशवराव म्हणाले. “मी दुसरी नायिका बघतो.”

“तीन महिने द्या.”

“दीड देतो.”

माणिकनं मला खिडकीत टेकवून ठेवलं. ‘ले’ म्हणताना ओठ बाजूला ताणतात, ‘ला’ला जबडा खाली येतो. तेवढं एक ती रोज शेकडो वेळा माझ्यात बघून करायची. तिच्या श्वासानं मी धुरकट झालो की पदरानं पुसायची आणि पुन्हा सुरू. दीड महिन्यानं ती यंत्रासमोर उभी राहिली, तेव्हा कुणी हसलं नाही. नायिका तीच झाली.

तो बोलपट अकोल्यात लागला. माणिक पुण्याहून आली, मनकर्णाबाई अमरावतीहून गाडीनं आल्या. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, “चांगलं केलं, पोरी. पन मले वाटलं, मी कोन्या दुसऱ्याच बाईले पाहून राहिली.”

 त्यानंतर माणिक माझ्यात बघायची, ते नुसतं कुंकू लावण्यापुरतं.

पुढच्या बोलपटात कापसाच्या जिनात, सरकी काढण्याच्या कारखान्यात राबणारी एक वऱ्हाडी बाई होती. पोर तापानं फणफणलंय म्हणून ती मालकाकडे रजा मागते. ते काम करणारी नटी ‘मले-तुले’ असं काही वेडावून म्हणायची, की तालमीत सगळे पोट धरून हसत. तिसऱ्या दिवशी माणिक उठली.

“केशवराव, हे काम मी करते. नायिका दुसरी घ्या.”

“वेड लागलंय का? एकदा असली कामं केलीत की पुन्हा कुणी नायिका करणार नाही.”

“माहीत आहे. पण तिचं पोर आजारी आहे. त्यात हसण्यासारखं काय आहे?”

 दोन दिवसांनी केशवराव हो म्हणाले.

अकोल्याला पहिल्या खेळाला जिनातल्या बाया आल्या होत्या. मी माणिकच्या उघड्या पिशवीत होतो. पडद्यावरून तिचा आवाज आला, “लेकराले ताप हाय, मालक. मले घरी जाऊ द्या.” थेटरात चिडीचूप. मग मागून कुणी बाई हळूच म्हणाली, “हे तं आपल्यावानीच बोलून राहिली.” शेजारी मनकर्णाबाई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

केशवरावांचं म्हणणं खरं ठरलं. माणिक पुन्हा नायिका झाली नाही. आया, मावश्या, मोलकरणी केल्या, आणि त्यातल्या ज्या वऱ्हाडच्या होत्या, त्या वऱ्हाडीतच बोलल्या.

आता ती अमरावतीला परतली आहे. माझा पारा उडालाय, अर्धा चेहरासुद्धा धड दिसत नाही. मला मोडीत घातलंत तरी माझी तक्रार नाही. एवढंच करा. तो जिनातल्या बाईचा जुना बोलपट अजून कधीमधी गावात येतो. ती बाई मालकाच्या दारात उभी राहून बोलू लागली, की तिचं पुरतं ऐकून घ्या.