छतातली मालकीण

दुपारचे बारा वाजायला आले की इलिंकाचं घरातलं लक्ष उडायचं. अमेरिकेत कोलंबसमध्ये तेव्हा उजाडत असायचं आणि कुझमान मामा दुकानाचं शटर वर करायचा. लेकीला, कलिनाला, मांडीवर घेऊन, एका हाताने तिला भोपळ्याची पेज भरवत, दुसऱ्या हातातल्या फोनवर, छतातल्या कॅमेऱ्यातून, ती बितोलाहून थेट आपल्या दुकानात जाऊन बसायची. बुरेकचं, म्हणजे चीज भरून भाजलेल्या पापुद्र्यांचं दुकान. भाडेकरार तिच्या नावाचा, भट्टी तिने निवडलेली, भिंतीचा पिवळा रंगसुद्धा तिनेच सांगितलेला. तिथे नव्हती ती फक्त ती स्वतः.

अमेरिकेत जाऊन स्वतःचं दुकान चालवायचा हा व्हिसाच तसा. आधी पैसे गुंतवा, आणि असे गुंतवा की माघार घेता येऊ नये. मग वकिलातीत जाऊन विचारा, येऊ का म्हणून. इलिंकाने वडिलांची रेसेन गावची सफरचंदाची बाग विकून पैसे घातले होते.

"आधी लग्न लावा, मुलगी पसंत आहे की नाही ते मागाहून कळवतो, असं आहे हे," तिचा नवरा स्पासे म्हणायचा. ज्या करारावर हा व्हिसा मिळतो तो सर्बियाच्या दरबाराने अमेरिकेशी केला तेव्हा बितोला सर्बियात नव्हतंच, तिथे तुर्कांचा अंमल होता, हे वकिलाकडून कळल्यापासून तर त्याला चेवच चढला होता. "आपल्या खापरपणज्याला कुणी विचारलं होतं का?"

ती जाईपर्यंत दुकान मामाने सांभाळायचं ठरलं होतं. आईचा हा धाकटा भाऊ तरुणपणीच तिकडे गेलेला, मोटारीच्या भागांच्या कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेला. त्याच्यासारखी बुरेकची पारी अख्ख्या बितोलात कुणी ताणत नसे. हातावर गोळा फिरवला की चादरीएवढा व्हायचा. मामाचं सगळं चांगलं होतं. एकच खोट होती. तो आपल्या माणसांकडून पैसे घेत नसे.

आणि तिथे येणारं बहुतेक गिऱ्हाईक आपलंच. दारातून कुणी पाऊल टाकलं की मामाचा पहिला प्रश्न, "तुम्ही कुणाचे?" मग गाव निघायचं, आळी निघायची, कुणाचा तरी मेहुणा मामाच्या वर्गात असायचा आणि पुढे केलेली नोट मामा परत ढकलायचा.

एकदा एक म्हातारी आली. काळा कोट, डोक्याला रुमाल. उभ्या उभ्याच बुरेक खाताना तिने दोनदा डोळे पुसले, मग पर्स उघडली. मामाने हात वर केला. इलिंकाला राहवलं नाही. कॅमेऱ्याला आवाजाची सोय होती.

"मामा, पैसे घे."

म्हातारीने छताकडे बघत छातीवर क्रूस काढला.

"घाबरू नका," मामा म्हणाला. "आमची भाची आहे. मालकीण."

"कुठेय ती?"

"बितोलात."

म्हातारी मान वर करून कॅमेऱ्याला म्हणाली, "जेवलीस का गं बाळ?"

 "जेवले," इलिंका म्हणाली. पेजेचा चमचा हातात तसाच राहिला. पैसे राहिले ते राहिलेच.

पुढे वकिलातीतल्या मुलाखतीची तारीख आली आणि तिची झोपच उडाली. वकिलाने बजावलं होतं, दुकान घरच्यांचं पोट भरण्यापुरतं असून चालत नाही, त्याहून जास्त कमावतं दिसलं पाहिजे. आणि चालवणारी तूच आहेस हेही दिसलं पाहिजे. इलिंका कपाट आवरायची, परत विसकटायची. कलिनाचे धुतलेले कपडे परत धुवायची. मामावर तर छतातून दिवसभर वर्षावच चालू होता. मामा, पैसे. मामा, पावती. मामा, त्याला बुरेकबरोबर दुसरं दही फुकट कशाला?

मुलाखतीच्या आदल्या दिवशी फोनच्या पडद्यावर नुसता काळोख आला. तिने लगेच मामाला फोन लावला.

"बरा आहेस ना? कॅमेऱ्याला काय झालं?"

"काही नाही झालं. टोपी अडकवलीय."

"मामा."

"हात थरथरतात गं माझे. भाची डोक्यावर बसलीय म्हटल्यावर पारी फाटते. आज तीन फाटल्या. तुझी आईही मला असं कधी चारचौघांत टाकून बोलली नाही." मग म्हणाला, "इथे येऊन समोर उभं राहून बोल. ऐकून घेईन."

"येऊ दिलं तर येईन ना," इलिंका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने तिघं राजधानीला, स्कोप्येला गेली. फोन वकिलातीच्या फाटकावरच काढून घेतले. हात रिकामा पडला तशी ती जास्तच सैरभैर झाली. कलिना कुरकुरत होती, इलिंकाला पान्हा फुटून ब्लाउज ओला झाला होता. शाल पुढे ओढत ती कोपऱ्यात पाजायला बसली.

"विक्री कमी का विचारलं तर दुकान नवीन आहे म्हण," स्पासे कुजबुजला. "मामाचं काही काढू नकोस. हसतील."

तिचं नाव पुकारलं. काचेपलीकडचा अधिकारी चष्मेवाला, तरुण, तिच्या भाषेतलं बोलणं पुस्तकी पण स्वच्छ. त्याने कागद चाळले.

"मैदा, चीज बरंच लागतंय. म्हणजे गिऱ्हाईक आहे. मग गल्ल्यात एवढं कमी का?"

दुकान नवीन आहे, हे वाक्य तिच्या ओठांवर होतं. पण तो मैद्याच्या आकड्यावर बोट ठेवून बसला होता.

"माझा मामा आपल्या माणसांकडून पैसे घेत नाही," ती म्हणाली.

"आपली माणसं म्हणजे?"

"आमच्या गावची. पण दोन मिनिटं बोललात तर तुम्हीही त्यात याल."

तो हसला नाही. "मग दुकान चालवतं कोण? तुम्ही की ते?"

"मी. मैदा कुठून आणायचा, दर काय लावायचा, सगळं मीच ठरवते. कॅमेऱ्यातून बघते, तिथूनच सांगते."

"म्हणजे इथे बसून चालतंय. मग तुम्हाला तिथे जायची गरज काय?"

मागे स्पासेने श्वास घेतलेला तिला ऐकू आला. 

"नाही चालत," इलिंका म्हणाली. "काल त्याने कॅमेऱ्यावर टोपी अडकवली. बरोबरच केलं. सत्तरीच्या माणसाला छतातून ओरडत राहिलं तर तो दुसरं काय करेल? मी ओरडते आणि त्याची पारी फाटते. त्याने ताणायचं आणि मी गल्ल्यावर बसायचं, तर ते दुकान. नाहीतर ती मामाची पाहुण्यांची खोली आहे."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "तुम्ही घ्याल पैसे? तुमच्या गावची एखादी म्हातारी आली तरी?"

"घेईन," ती ताबडतोब म्हणाली.

तो बराच वेळ टाइप करत राहिला. मग म्हणाला, "पासपोर्ट आमच्याकडे राहू देत. व्हिसा लागून परत येतील."

परतीच्या बसमध्ये स्पासे आधी सासूला फोन करून मोठ्याने बोलला, मग मामाला. मामा म्हणाला, बरं झालं, भट्टीजवळ पाळणा मावेल का ते बघतो. कलिना स्पासेच्या खांद्यावर झोपली. इलिंकाला मात्र बसवेना. कधी खिडकी उघडी, कधी बंद. काचेत तिला काळा कोट दिसत होता, डोक्याचा रुमाल दिसत होता, पर्स उघडणारी बोटं दिसत होती. घेईन, असं किती पटकन म्हणून गेली ती.

"साडेसहा डॉलर," ती हळूच म्हणाली. आवाज फारच मऊ निघाला. तिने परत म्हणून पाहिलं. "साडेसहा डॉलर."

"काय?" स्पासेने विचारलं.

"बुरेकचे. द्या."

स्पासेने तिच्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं.

"अगं, मी तर बितोलाचा," तो म्हणाला.

ती हसली नाही. हात तसाच पुढे धरून बसून राहिली.