ओडेलाबाईंची काळी पोर

अभयचं लग्न टँकरच्या पाण्यावर लागलं, ते २०१३ साल. शेंद्र्यातल्या विहिरींनी जानेवारीतच तळ दाखवला होता आणि शिवारात कारखान्यांच्या शेडी मात्र रोज हातभर वर चढत होत्या. वऱ्हाड जेवून उठलं, भांड्यांना पाणी उरलं नाही, तेव्हा अभयची आजी मनकर्णाबाई राख घेऊन पातेली घासायला बसली. तिथंच तिची नात सुलेखा कागदांचा गठ्ठा घेऊन आली.

"आजी, हे वाच. कुठं अडखळलीस तर सांग."

मनकर्णाबाई साठीला टेकल्यावर साक्षरता वर्गात अक्षरं शिकली होती. तेव्हापासून वाण्याची पुडी सोडली की आधी कागद वाचायची, मग साखर डब्यात. सुलेखा शहरात शिक्षिका होती. तिथल्याच औरंगपुऱ्यातल्या एका लहानशा प्रकाशनासाठी तिनं अमेरिकेतल्या एका बाईची मुलांची गोष्ट मराठीत आणली होती. तिचं हे पहिलंच पुस्तक.

"कोण गं ही बाई?"

"ओडेला प्रुइट. काळी बाई आहे, एक्क्याऐंशी वर्षांची. आईबाप दुसऱ्यांच्या कपाशीत राबायचे. हिनं बावीस वर्षं शाळेत स्वयंपाक केला. एकदा एका पोरीनं विचारलं, पुस्तकातल्या सगळ्या पोरी गोऱ्याच का असतात? बाईनं भाजीच्या यादीमागं एक गोष्ट लिहिली आणि दुसऱ्या दिवशी ताटासोबत तिला दिली. तेव्हा ती पन्नाशीची होती. त्यानंतर अकरा पुस्तकं झाली."

"म्हंजी खिचडी रांधणारी. मग बरी लिहीत असंल."

दोन दिवसांत मनकर्णाबाईनं गठ्ठा संपवला आणि सुलेखाला समोर बसवलं.

"हे काय लिवलंस? 'टिलीने कापूस तोडला.' कापूस काय ऊस हाये का तोडायला? वेचतात त्याला."

सुलेखानं जीभ चावली आणि खोडलं.

"आन गोष्टीतली ही पोर, टिली, सातव्या पानावर काळी हाये. नवव्यापासून सावळी झाली. दोन पानांत उजळली कशी गं?"

सुलेखाचा चेहरा उतरला. शब्द तिनं बदलला नव्हता, प्रकाशक श्रीनिवासरावांनी बदलला होता. 'काळी' असलं की आईबाप पुस्तक हातात घेत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सातवं पान नजरेतून सुटलं एवढंच. पण ओडेलाबाईंची अट एकच होती, की पोरीचा रंग बदलायचा नाही. मागं एका परदेशी प्रकाशकानं वेष्टनावर पोर गोरी रंगवली, तर बाईनं सगळी वेष्टनं फाडायला लावली होती.

"बाईंना कळवलं तर पुस्तक जाईल. नाही कळवलं तर मी खोटी पडेन. गुरुवारी छपाई आहे."

"मग तू साहेबाला काय म्हणलीस?"

"काय म्हणणार? पहिलंच पुस्तक आहे."

मनकर्णाबाईनं पदर झटकला. "उद्या मी येते."

फाट्यावरून जीप धरून ती दुसऱ्या दिवशी सुलेखासोबत औरंगपुऱ्यात उतरली. श्रीनिवासरावांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. माणूस मऊ बोलणारा.

"एवढ्या उन्हात कशानं आलात, आजी?"

"काळी-पिवळीनं. चौदा माणसं कोंबली होती."

"आजी, ऐका. काळी म्हटलं की शिवीसारखं लागतं. सावळी कसं गोड वाटतं."

"व्हय? मग जाताना सावळी-पिवळीनं जाते."

सुलेखानं हसू दाबलं. श्रीनिवासराव हसले, पण मानेनं नाहीच म्हणाले. "लोक लग्नाच्या जाहिरातीतसुद्धा सावळीच छापतात."

"तेच सांगते. सावळी हा सोयरीक जमवायचा शब्द हाये. ही पोर अकरा वर्षांची. तिला कुठं दाखवायला न्यायचीय?" मनकर्णाबाई पाणी प्यायली. "माझ्या मामानं पोर सावळी हाये म्हणून सांगितलं होतं. सासूनं मला उन्हात बघितलं आन सहा महिने 'फसवलं, फसवलं' लावलं. खोटं मामा बोलला, ऐकून मी घेतलं. तुम्ही आता त्या टिलीचे मामा होऊ नका."

श्रीनिवासरावांनी पेनाचं टोपण मिटलं. मग त्यांनी गठ्ठा तिच्यापुढं सरकवला.

"तुम्हीच दुरुस्त करा. पण विकलं नाही तर शिव्या तुम्हाला."

"द्या की. सवय हाये."

एकतीस ठिकाणी सावळी होतं. मनकर्णाबाईनं तीस ठिकाणी खोडून बोटाएवढ्या अक्षरात 'काळी' लिहिलं. एका जागी टिलीची मावशी तिला पावडर थापताना सावळी म्हणते, तेवढं ठेवलं. "मावशी खोटं बोलती. बोलू दे तिला," ती सुलेखाला म्हणाली.

गुरुवारची छपाई हुकली, पुस्तक ऑगस्टमध्ये निघालं. पहिली प्रत अमेरिकेला गेली, सोबत सुलेखाचं पत्र, त्यात झालेलं सगळं. ओडेलाबाईंचं उत्तर आलं की माझी गोष्ट त्या आजींच्या तोंडून ऐकायची आहे, समजली नाही तरी चालेल. सुलेखानं फोन जोडून दिला. मनकर्णाबाईनं बोट ठेवून दोन धडे वाचले. पलीकडून मधूनमधून "हं, हं" येत होतं.

"हुंकार बराबर जागी देती," मनकर्णाबाई फोनवर हात ठेवून म्हणाली.

उरलेले धडे दिवाळीत वाचायचे ठरले. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, १९ ऑक्टोबर २०१३ रोजी, ओडेला प्रुइट मिसिसिपीतल्या आपल्या घरी वारल्या.