कॅमेऱ्याचा दोष

मॅडम एकाच पगारात तीन नोकऱ्या करायच्या. मुलांना शिकवायचं, प्रयोगशाळेत संशोधन करायचं आणि उरल्यासुरल्या वेळात भिंतीवर उजेडाची चित्रं काढायची. कॅमेऱ्यासमोर हवेत हात फिरवला की भिंतीवर रेघ उमटते, हे त्यांचं काम. प्रोग्रामही त्यांनीच लिहिलेला. कुणी मशीनला नावं ठेवली की त्या म्हणायच्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." मुलं हसायची.

त्या दिवशी वर्गात फिल्टर शिकवायचा होता. फिल्टर म्हणजे थरथर काढून टाकून रेघ गुळगुळीत करणारी गाळणी. मॅडमच्या रेघेत थरथर यायला लागली, तेव्हा त्यांनी दोष हलक्या कॅमेऱ्याला दिला आणि गाळणी बसवली. पुढे ती कमी पडली, तर आणखी बारीक केली. आता नवा, भारी कॅमेरा आला होता. त्या म्हणाल्या, "आता बघा, गाळणीशिवायसुद्धा सरळ रेघ येते." त्यांनी फिल्टर बंद केला आणि हात फिरवला.

भिंतीवर करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटली.

"कॅमेरा नीट लागला नसेल," मॅडम म्हणाल्या. पुढच्या बाकावरचा उंच मुलगा सहज उठला, त्यानं हात फिरवला आणि रेघ सुतासारखी सरळ आली. तो जागेवर जाऊन बसला.

मॅडमना वडील आठवले. ते घड्याळजी होते. त्यांचा चिमटा काट्यावर टेकेनासा झाला, तेव्हा वर्षभर ते दिव्यालाच दोष देत राहिले. शेवटी शर्टाचं बटणही आई लावून द्यायची. मॅडमनी उजवा हात खिशात घातला. आत तो हलतोय की नाही, याकडे त्यांचं सगळं लक्ष लागलं. भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला वाटते तशी. हा हात गेला तर शिकवणं, संशोधन, चित्रं, तिन्ही जाणार होती.

तेवढ्यात सगळे जिला चष्मिश म्हणत, ती मुलगी पुढे आली. "मॅडम, मीपण बघते." तिनं हात फिरवला. रेघ वाकडीतिकडी आली, मॅडमच्याहूनही वाईट.

"बघा मॅडम, कॅमेराच बिघडलाय," ती म्हणाली.

"हो ना, माझीपण तशीच येईल," मागून कुणीतरी म्हणालं.

मॅडमचा जीव भांड्यात पडला. एवढं हायसं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्या हसल्यासुद्धा. मग त्यांनी सवयीनं पुन्हा रेघेकडे पाहिलं. हातांच्या हालचाली वाचण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ही थरथर बोटांतून आलेली नव्हती. खांद्यातून आली होती, मोठी, ओबडधोबड. मुद्दाम केलेली.

त्यांनी वर्गावर नजर फिरवली. एकही पोर त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवेना. उंच मुलगा तर मान खाली घालून बाकाची कड खरवडत होता. कुणालाच नवल वाटलेलं दिसत नव्हतं. चष्मिश अजून हात वर धरून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

पोरांना हे कधीचं ठाऊक होतं.

"बस खाली, बाळ," मॅडम म्हणाल्या. "कॅमेरा चांगला आहे."